नळाकडची टाकी

मित्रांनो, मी एक जुनं, दोन माणसांचं, छोटंसं विमान आहे. तुमच्या व्याकरणात विमान नपुंसकलिंगी असेल, असू दे. मला मात्र सगळे आत्याबाई म्हणतात. सकाळी इंजिन सुरू केलं की मी आधी खोकते, मग कुरकुरते आणि मगच कामाला लागते, म्हणून हे नाव पडलं. पण माझी कुरकुर उगाच नसते हो! ऐकलंत तर तुम्हीही कपाळावर हात मारून घ्याल.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी कोरी करकरीत होते. उमेदीची वर्षं नव्या वैमानिकांना शिकवण्यात गेली. त्यांनी मला जमिनीवर किती वेळा आदळलं, ते विचारूच नका. 'लागलं का गं?' म्हणून एकानेही विचारलं नाही. पुढे नवी विमानं आली आणि मला एका कोपऱ्यात ढकलून दिलं. माझ्या पंखांवर कबुतरं बसायची. बसायची एवढंच म्हणते, बाकी तुम्ही समजून घ्या.

तिथून मला दोन बहिणींनी सोडवलं. थोरली मेकॅनिक, धाकटी वैमानिक. थोरलीच्या हाताला गुण होता, पण ती माझ्या आत कधी बसली नाही. उडायचं नुसतं नाव काढलं की ती पाना घेऊन माझ्या चाकाखाली शिरायची. ती सदा माझ्या नाकासमोर उभी राहून काम करणार आणि धाकटी सदा आत बसणार. त्यामुळे एकीचं डावं ते दुसरीचं उजवं! एकदा हवा भरायची होती एका चाकात, भरली दुसऱ्यात, आणि मी दिवसभर लंगडत बसले. मग दोघींनी डोकं चालवलं. आमच्या शेडच्या एका भिंतीला पाण्याचा नळ होता आणि समोरच्या भिंतीला खिडकी. मला नेहमी नाक आत करून उभं करत, म्हणून माझा डावा पंख झाला नळाकडचा आणि उजवा खिडकीकडचा. झालं! त्या दिवसापासून डावं-उजवं हे शब्दच आमच्याकडे बंद झाले.

मग धाकटीच्या डोक्यात विक्रमाचं खूळ शिरलं. माझ्याएवढ्या विमानाने कुठेही न उतरता आजवर जेवढं अंतर कापलं, त्याहून जास्त कापायचं, तेही समुद्रावरून. वजन कमी करायला त्यांनी माझी मागची गादी काढली, आरसा काढला, दाराची मूठसुद्धा काढून दोरी बांधली. पण माझ्या दोन पंखांत इंधनाच्या दोन टाक्या, त्यातल्या उजव्या टाकीचा काटा 'भरलेली'वर कायमचा अडकला होता, तो बदलायला कुणाला सवड नाही. "काट्याचं काय एवढं? मला अंदाज असतो," धाकटी म्हणायची. म्हणे अंदाज!

निघायच्या आदल्या दिवशी थोरलीने मला उलटं आत घातलं, शेपूट भिंतीकडे आणि नाक बाहेर. इंधन भरल्यावर मी जड होणार, तेव्हा ओढायला सोपं म्हणून. सकाळी तिला नळाच्या बाजूच्या पंखाखाली इंधनाचा थेंब दिसला. बारीकसाच होता. कित्येक आठवडे वाट बघून वारा मनासारखा झाला होता, थांबणं दोघींच्याही जिवावर आलं असतं. मला बाहेर काढलं, धाकटी धावतपळत येऊन बसली, नाकावरचा पंखा फिरू लागला, तेव्हा थोरली माझ्या दाराशी येऊन ओरडली,

"नळाकडची टाकी झिरपतेय गं! आधी तीच संपव, म्हणजे झिरपायला काही उरणार नाही!"

"नळाकडची ना? कळलं, ताई!"

कळलं डोंबल! मला उलटं उभं केल्यामुळे नळ आला होता माझ्या उजव्या पंखाकडे. आणि धाकटीने सवयीने टाकी बदलायचा खटका फिरवला डाव्या टाकीवर.

समुद्रावर आलो आणि थरथरीने उजव्या टाकीची चीर वाढली. डावी टाकी इंजिन पीत होतं आणि उजवी समुद्र! एरवी एकच टाकी वापरली की मी दुसऱ्या, भरलेल्या बाजूला कलते. दांडा धरून धरून धाकटीचा हात भरून येतो. आज दोन्ही पंख सारखेच हलके होत होते, म्हणून मी अगदी रेषेत उडत होते.

"वा, आत्याबाई! काय शहाण्यासारख्या उडताय!" धाकटी म्हणाली.

आयुष्यभर कौतुकाला आसुसले आणि मिळालं ते हे असं! अगं बाई, मी सरळ उडतेय तेच वाईट आहे, हे तुला कसं सांगू? मी खोकले, कुरकुरले. तिने तोंडात बिस्कीट टाकलं आणि म्हणाली, "सकाळचा खोकला अजून गेला नाही वाटतं." मला रडू यायचं बाकी होतं. ही पोरगी बुडणार होती आणि माझं कौतुक करत करत बुडणार होती.

मग कोण जाणे कसं, तिचं चावणं थांबलं. तिने दांडा सोडून बघितला. मी जराही कलले नाही. तिने काट्यावर टिचकी मारली, तो मेला ढिम्म हलला नाही.

"आज तुम्ही नाक पुढे करून बाहेर आलात," ती पुटपुटली. "अगं आई गं... नळ!"

तिने खटका उजवीकडे फिरवला आणि त्याच क्षणी मला माघारी वळवलं. विक्रम राहिला बाजूला. उजवीतलं उरलंसुरलं आधी जाळलं, मग डावीतलं. किनारा दिसला आणि इंजिन बंद पडलं. वाऱ्यावर तरंगत आम्ही ओल्या वाळूवर कशाबशा उतरलो.

संध्याकाळी थोरली ट्रक घेऊन आली. उतरल्या उतरल्या ओरडली, "नळाकडची म्हटलं होतं ना मी!"

"मग नळाकडचीच लावली होती मी!"

दोघीही खऱ्या होत्या आणि दोघीही रडत होत्या. मग थोरलीने दार उघडलं आणि पहिल्यांदाच माझ्या आत येऊन बसली. या पंखाकडे बघितलं, त्या पंखाकडे बघितलं. "इथून हे असं दिसतं होय गं?" एवढंच म्हणाली आणि तिने तोंड ओंजळीत लपवलं.

मित्रांनो, विक्रम पुढे दुसऱ्याच विमानाने केला, करू दे. तुम्ही मात्र आम्हा यंत्रांचे बिघडलेले काटे वेळेवर बदला. अंदाजावर कुणाचा जीव टांगू नका. आणि जिवाभावाच्या माणसाला काही सांगायचं असेल, तर आधी एकदा त्याच्या जागेवर बसून बघा. मला तोंड असतं तर त्या संध्याकाळी मी थोरलीला एवढंच म्हटलं असतं, उतरायची घाई करू नकोस बाई, बस अजून थोडा वेळ.