वेलचीच्या घरातली गोळी

मित्रांनो, मी मालवणजवळच्या आचरे गावचा पानाचा डबा. पितळेचा. जुना आहे हे वेगळं सांगायला नको, झाकण उघडताना बिजागरी कशी कुरकुरते ते ऐकलंत की कळेल. आज माझी हकिकत सांगतो, पण ती मिरवण्यासारखी नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

कुडाळच्या एका तांबटानं मला घडवलं. माझ्या पोटात त्यानं सुपारी, कात, चुना, लवंग, तंबाखू यांची वेगवेगळी घरं केली, आणि हौसेनं वेलचीचंही एक छोटं घर ठेवलं. वेलची महाग, त्यामुळे ते बहुधा रिकामंच असे. गलबत चालवणाऱ्या लवू तांडेलानं लग्नात मला विकत घेतलं आणि मी त्याच्या ओटीवर येऊन बसलो.

आमच्या गावात पानाच्या डब्यातलं काही कुणी विचारून घेत नाही. बोलता बोलता हात येतो, बोटांना सापडेल ते तोंडात जातं, नजर डब्याकडे वळतसुद्धा नाही. लोकांचा माझ्यावर एवढा विश्वास! त्याचा मला भारी ताठा होता. जळला मेला तो ताठा.

सहासष्ट साली लवूचं गलबत विजयदुर्गापुढे वादळात फुटलं. बाकीचे खलाशी पोहून आले, लवू आला नाही. त्याची बायको नर्मदा तेव्हापासून झोपेनाशी झाली. समुद्राची गाज वाढली की तिची छाती धडधडायची, तळहात घामानं भिजायचे, पेजेचा घास गिळवत नसे. शेवटी तिचा दीर गुरुदास तिला मालवणला डॉक्टरांकडे घेऊन गेला. त्यांनी पांढऱ्या छोट्या गोळ्या दिल्या, डायझेपाम नावाच्या. औषध तेव्हा नवं होतं. थोडेच दिवस घ्यायच्या, संपण्याआधी येऊन दाखवायचं आणि दुसऱ्या कुणाला द्यायच्या नाहीत, असं त्यांनी बजावलं होतं.

गोळीनं नर्मदा झोपली, मित्रांनो. उठून पोटभर पेज जेवली, वेणी घातली. हे मी डोळ्यांनी बघितलंय, म्हणून त्या गोळीला मी शिव्या देणार नाही.

चूक पुढे झाली. गोळ्यांची कागदी पुडी आमच्या खाऱ्या हवेत ओलसर व्हायची. माझं झाकण घट्ट, म्हणून नर्मदेनं गोळ्या वेलचीच्या घरात ठेवल्या. रिकामं घर भरलं म्हणून मला आनंदच झाला. डॉक्टरांकडे दाखवायचं राहून गेलं. गोळ्या संपल्या की गुरुदास बाजारातून आणायचा आणि दुकानदारही काही विचारत नसे. पुढे एका गोळीनं झोप येईना, तेव्हा नर्मदा दोन घेऊ लागली.

बाबली हा आमचा पाडेली. माडावर चढून नारळ पाडायचं काम त्याचं, आणि तो चढायला लागला की बघत राहावं. एका संध्याकाळी तो गाल धरून ओटीवर आला. दाढ ठणकत होती, झोप नव्हती, आणि दुखणं विसरायला तो माडी पिऊन आला होता. नर्मदेला त्याची दया आली. तिनं मला उघडलं.

"ह्यां घे रे. बरी झोप लागतली," ती म्हणाली.

बाबलीनं नेहमीप्रमाणे न बघताच गोळी तोंडात टाकली. माझ्यातून आलेलं वाईट कसं असेल?

सकाळी तो आमच्या परसातल्या माडावर चढला. नारळ पडल्याचा आवाज मी जन्मभर ऐकत आलोय. त्या सकाळी पडलं ते नारळ नव्हतं.

बाबली वाचला, पण कंबरेचं हाड मोडलं ते वाकडंच जुळलं. आता तो माडावर चढणार नव्हता.

नर्मदेला सगळं उमगलं. तिनं माझ्यातल्या गोळ्या चुलीत ओतल्या आणि यापुढे एकही घ्यायची नाही असं ठरवलं. बिचारीला वाटलं, एवढं केलं की पाप फिटलं. पण काही दिवसांतच ती थरथरू लागली, घामानं चिंब झाली आणि तिला आकडी आली. शेजारी म्हणाले बाधा झाली, कुणी गाऱ्हाणं घालायला देवळाकडे निघालं. गुरुदास मात्र डॉक्टरांना घेऊन आला. त्यांनी सुई टोचली आणि नर्मदा शांत झाल्यावर तिला गोळ्या कुठे ठेवायचीस म्हणून विचारलं. नर्मदेनं माझ्याकडे बोट केलं. त्या वेळी मला जमिनीत जावंसं वाटलं.

डॉक्टरांनी मला पुढे ओढलं आणि गोळीचा रेणू कसा असतो ते गुरुदासला समजावं म्हणून माझ्यातल्याच सुपारीची खांडं चटईवर मांडली, एकेक खांड म्हणजे कार्बनचा एक अणू. सहा खांडांचं एक कडं, त्याला चिकटून सातांचं दुसरं, मधली दोन खांडं सामाईक. सातांच्या कड्यात दोन खांडं काढून तिथे लवंगा ठेवल्या, ते नायट्रोजन. सहाच्या कड्याबाहेर काताचा खडा, तो क्लोरिन. सातांच्या कड्याला बाहेरून आणखी एक सहाचं कडं जोडलं. मेंदूची धावपळ ही रचना शांत करते, त्यांनी सांगितलं, पण शरीर तिला लवकर सोडत नाही, अंमल दुसऱ्या दिवशीही उरतो. वर माडी असली तर तो आणखी चढतो.

"रोज घेऊन घेऊन शरीराला तिची सवय होते," डॉक्टर म्हणाले. "एकदम तोडली म्हणून आकडी आली. मी सांगेन तशी हळूहळू कमी करायची."

तसंच केलं. नर्मदा सावकाश गोळीतून सुटली. पण बाबलीच्या घराकडे बघायची तिची हिंमत होईना.

पावसाळा सरल्यावर तोच काठी टेकत आला. नर्मदेनं सवयीनं मला पुढे सरकवलं आणि चटका बसल्यासारखं मागे ओढलं.

"सरकव गो वयनी. पान खातंय," तो म्हणाला.

त्यानं लवंग उचलली, उजेडात धरली.

"ह्यां काय आसा?"

बाबलीनं जन्मात असं कधी विचारलं नव्हतं. टोमणा नव्हता तो, त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. नर्मदेला रडू आवरेना.

"लवंग," ती कशीबशी म्हणाली. "बाबली, माका माफ कर रे."

"तू दिलंस, मी इचारूक नाय. चुकला ता दोघांचा."

आणि माझं, मित्रांनो? माझ्या घट्ट झाकणाचं? मला तोंड असतं तर मी त्या संध्याकाळी ओरडलो असतो. तुम्हांला तोंड आहे. औषध त्याच्या नावाच्या बाटलीत ठेवा, ज्याचं त्यालाच द्या, आणि मायेच्या हातानं दिलं तरी काय आहे ते विचारा.

आमच्या माडांवर आता दुसरा पाडेली चढतो. तो वर असेपर्यंत बाबली माझ्याशेजारी बसतो. पान हातात तयार असतं, पण त्या माणसाचे पाय जमिनीला लागेपर्यंत तो ते तोंडात घालत नाही.