पिल्लूसाठी केलेला बंदोबस्त

मित्रांनो, मुद्दाम वाकून पाहिल्याशिवाय मी कोणाला दिसत नाही. परसातल्या लाकडी फाटकाच्या तळाशी मला खिळे ठोकून बसवलेले आहे. मी लोखंडी तारेची जुनी जाळी. माझ्या भोकांतून तुमची करंगळीसुद्धा जायची नाही. अडवणे, एवढे एकच काम मला येते. कोणाला अडवायचे आणि कोणत्या बाजूने, याचा विचार करायला मला कोणी शिकवले नाही. त्यामुळे पुढे जे घडले त्यात माझा दोष किती आणि इतरांचा किती, हे तुम्हीच ठरवा.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. उभ्या तारा, आडव्या तारा, दिवसभर धाडधाड आवाज, आणि एके दिवशी मी गुंडाळी होऊन बाहेर पडले. एका गवंड्याने मला नेले, चौकटीत ताणून बसवले आणि वाळू चाळायला तिरकी उभी केली. सात-आठ वर्षे मी वाळू चाळली. फावड्यामागून फावडे अंगावर यायचे. बारीक वाळू मागे पडायची आणि खडे पुढे घरंगळायचे. गवंडी तोंडाने फटकळ, पण माझ्याबद्दल कधी वावगा शब्द काढला नाही. "हिच्यातून खडा सुटायचा नाही," असे तो नव्या माणसांना सांगायचा. तेव्हा मला फार बरे वाटायचे, हे कबूल करायला हरकत नाही.

पुढे चाळलेली वाळू पोत्यांतून येऊ लागली आणि माझे काम सुटले. गवंडी मला भंगारात घालणार होता, तेवढ्यात त्याचे सुतार मित्र म्हणाले, "राहू दे, मी नेतो. कधीतरी लागेल." सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. आयुष्यभर त्यांनी लोकांची दारे-खिडक्या बसवल्या होत्या. आता गुडघे बोलू लागल्यामुळे काम बंद होते, पण लाकडाचा लोभ सुटलेला नव्हता. परसाच्या डाव्या भिंतीला त्यांनी फळ्यांचा ढीग रचला होता. जुन्या चौकटी, मोडक्या खुर्चीचे हात, एक लांब सागवानी फळी, आणखी काय काय. घरातल्या माणसांपेक्षा त्या ढिगाची विचारपूस जास्त व्हायची. त्याच ढिगामागे मला टेकवून ठेवले आणि मिस्त्री मला साफ विसरले.

पाच वर्षे मी तिथे गंजत पडले. कोणी विचारत नाही याचे आधी वाईट वाटले, मग त्याचीही सवय झाली. ढिगाखाली कोण कोण राहते, हे मात्र मला पाठ झाले. पाली होत्या, झुरळे होती, उंदरांचे एक मोठे कुटुंब होते. आणि गेल्या उन्हाळ्यापासून एक साप होता. जाड अंगाचा, तपकिरी, पाठीवर काळपट गोल ठिपके असलेला. दिवसा तो फळ्यांखाली वेटोळे करून पडायचा. दिवेलागणीला सांडपाण्याच्या भोकातून नाहीतर फाटकाखालून बाहेर जायचा आणि आपले काम उरकून परत यायचा. घरच्यांना याचा पत्ताही नव्हता.

घरात माणसे मोजकीच. मिस्त्री, त्यांची सून आणि तिसरीतली नात. मुलगा मालट्रकवर होता, आठ-आठ दिवस बाहेर असायचा. सून मागच्या व्हरांड्यात शिलाईचे यंत्र ठेवून लोकांचे कपडे शिवायची. शिवाय एक कुत्री होती, पिल्लू. नऊ वर्षांची, तोंडाभोवती पांढरी झालेली. नाव ठेवले तेव्हा ती खरोखरच पिल्लू होती, नंतर ते बदलण्याची तसदी कोणी घेतली नाही. ती मिस्त्रींच्या खुर्चीखाली बसायची. "या कुत्रीनं माझा जीव खाल्ला," असे म्हणत मिस्त्री चहातले अर्धे बिस्कीट रोज तिलाच घालायचे.

एके दिवशी नातीला सांडपाण्याच्या भोकाजवळ सापाची कात सापडली. तिला ती प्लॅस्टिकची पिशवी वाटली, म्हणून ती आईला दाखवायला घेऊन गेली. सुनेच्या हातातली कात्रीच खाली पडली. तिने लगेच पिल्लूच्या डॉक्टरांना फोन केला आणि ते जे जे म्हणाले ते मापाच्या चिठ्ठीमागे लिहून घेतले. जमिनीवर रचलेले सामान आधी हलवा आणि आवार नीट तपासून घ्या. गवत कापा. कुत्रीचे खाणे बाहेर उघडे ठेवू नका, त्यावर उंदीर येतात आणि उंदरांमागून साप येतात. दिवेलागणीला तिला घरात घ्या. आणि हे सगळे झाल्यावर भोके बुजवा. एवढे करूनही साप चावलाच तर तिला चालू देऊ नका, काही बांधू नका, कापू नका, उचलून सरळ दवाखान्यात आणा.

मिस्त्रींनी चिठ्ठी वाचली. त्यातले भोके बुजवणे हे सुतारकाम होते, तेवढेच त्यांना काम वाटले. सून म्हणाली, आधी फळ्या हलवू, मी आणि शेजारची बाई मिळून एका दुपारी उरकून टाकू. मिस्त्रींनी तिला उडवून लावले. त्या फळ्या कशा रचल्यात हे त्यांनाच ठाऊक होते, इतरांनी हात लावला तर सगळा घोळ झाला असता. साप बाहेरून येतो, तेव्हा बाहेरची वाट बंद केली की झाले, असे त्यांचे म्हणणे होते. सून यंत्रावर परत जाऊन बसली. सासऱ्यांशी वाद घालण्यापेक्षा तिला शिवायचे बरेच पडले होते.

अशा रीतीने मला पुन्हा चांगले दिवस आले. मिस्त्रींनी मला ढिगामागून ओढून काढले, घासूनपुसून गंज उतरवला आणि कापून माझे तीन तुकडे केले. एक सांडपाण्याच्या भोकाला, एक भिंतीच्या फटीला आणि सर्वांत मोठा, म्हणजे मी, फाटकाला हातभर उंचीपर्यंत. खालची कड जमिनीत वीतभर पुरली. दोन दिवस ते डोळ्यांत तेल घालून काम करत होते. हात अजून पक्का होता. काम झाल्यावर त्यांनी शेजाऱ्यांना बोलावून दाखवले, कपडे घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकांनाही दाखवले. मुंगीला आत यायचे तर परवानगी काढावी लागेल, असे ते म्हणत होते. सगळ्यांनी माझी वाहवा केली. इतकी वर्षे अडगळीत काढल्यावर ती ऐकून मी हुरळून गेले. साप तेव्हा फळ्यांखालीच होता.

पहिल्या संध्याकाळी तो नेहमीसारखा निघाला. भोकापाशी गेला, परत फिरला आणि माझ्याकडे आला. माझ्या एकेका भोकाला तोंड लावत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. मी माझे काम चोख केले. त्याला सोडले नाही.

दुसऱ्या दिवसापासून पिल्लू भुंकायला लागली. फळ्यांच्या ढिगासमोर उभी राहायची, मानेचे केस ताठ, आणि भुंकायची. मग फाटकापाशी येऊन मला हुंगायची, परत ढिगाकडे जायची. मिस्त्री खुर्चीतून ओरडायचे, "गप्प बस." त्यांनी सुनेला समजावले की साप बाहेर घुटमळत असणार आणि कुत्रीला त्याचा वास येत असणार. म्हणजे जाळीचा उपयोग होतोय. सून म्हणाली, ती फळ्यांकडे बघून भुंकतेय. मिस्त्री म्हणाले, तिथे उंदीर आहेत.

चौथ्या दिवशी पिल्लूने पंजाने उकरून दोन फळ्या खाली पाडल्या. मिस्त्रींचे डोके फिरले. रचलेला ढीग विस्कटला याचा त्यांना राग आला. त्यांनी तिला साखळी घातली आणि ढिगापासून लांब म्हणून फाटकाच्या खांबाला आखूड बांधून टाकली. थोडा वेळ ती भुंकत राहिली. मग दमून माझ्याशेजारी पाय पसरून बसली. मिस्त्री नातीचा अभ्यास घ्यायला आत गेले. सून यंत्रावर होती. ऊन उतरले, दिवे लागले, आणि साप बाहेर पडला.

मी काही लपवणार नाही. तो माझ्याच दिशेने आला. एका अंगाला मी होते, दुसऱ्या अंगाला पिल्लू. त्याला जायला वाट नव्हती आणि तिला हटायला साखळी पुरत नव्हती. कुकरमधून वाफ सुटावी तसा तो फूत्कारला. पिल्लू मागे सरकली, साखळी ताणली गेली, ती पुन्हा पुढे खेचली गेली, आणि साप तिच्या उजव्या पुढच्या पायाला चावला. ती एकदाच केकाटली.

यंत्र थांबले. सून विजेरी घेऊन आली तेव्हा साप फळ्यांखाली शिरत होता. तिने त्याचा रंग पाहिला, ठिपके पाहिले, आणि सासऱ्यांना हाक मारली. मिस्त्री धावत आले. खांद्यावरचा टॉवेल काढून ते पिल्लूच्या पायाला करकचून बांधायला वाकले, तेव्हा सुनेने त्यांचा हात धरला. सासऱ्यांचा हात तिने पहिल्यांदाच धरला असावा.

"बांधायचं नाही, बाबा. चालवायचं नाही. उचला तिला."

गुडघ्यांचे निमित्त सांगून जे पाण्याची बादली उचलत नसत, त्या मिस्त्रींनी वीस किलोची कुत्री दोन्ही हातांवर उचलली आणि घरातून पुढच्या दारी नेली. शेजारच्या पाववाल्याने गाडी काढली. पुढचे मी पाहिलेले नाही, बोलण्यातून ऐकले. पाय सुजून दुप्पट झाला होता. सुनेने सापाचे वर्णन नेमके सांगितले, म्हणून डॉक्टरांना औषध लगेच ठरवता आले. तरी जगेल की नाही हे दोन दिवस ते सांगू शकत नव्हते. मिस्त्री दवाखान्याच्या बाकावरून हलायला तयार नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी सुनेने त्यांना जवळजवळ ओढून घरी आणले, कारण साप पकडणारी बाई येणार होती.

ती बाई बुटकी होती, पायांत गुडघ्यापर्यंत बूट, हातात आकडा. तिने नातीला दारातच उभे केले आणि आधी परसाला एक फेरी मारली. माझ्यापाशी वाकली, बोटाने तारा चाचपल्या. काम झकास आहे, म्हणाली. जाळी कधी बसवली, असे तिने विचारले. मिस्त्रींनी सांगितले, पाच दिवस झाले. त्याआधी फळ्या हलवून पाहिल्या होत्या का, असे तिने विचारले.

तिने फळ्या एकेक करून काढल्या. सर्वांत खाली, सागवानी फळीच्या आडोशाला तो सापडला. आकड्याने उचलून पिशवीत सोडण्याआधी तिने त्याचे तोंड सर्वांना लांबून दाखवले. नाकाडावरची कातडी सोलली गेली होती. माझ्या तारांनी ती सोलली होती.

"बाहेर पडायला रोज धडपडत होता," बाई म्हणाली. "तुम्ही त्याला बाहेर नाही ठेवलंत, आत कोंडलंत."

मिस्त्रींनी एकच विचारले, "म्हणजे ती एवढे दिवस त्यालाच भुंकत होती?"

"मग आणखी कोणाला?" बाई म्हणाली आणि पिशवीचे तोंड बांधू लागली.

त्या दिवशी मिस्त्रींनी सगळ्या फळ्या स्वतः उचलून फाटकाबाहेर नेऊन ठेवल्या. ज्याला हव्या त्याने नेल्या. सुनेने मदत करू का विचारले, ते नको म्हणाले. हातात कुसळे शिरली, रक्त आले, तरी थांबले नाहीत. परस मोकळे झाले तेव्हा ते होते त्याहून दुप्पट दिसायला लागले. उंदरांची बिळे बुजवली, गवत कापले, कुत्रीचे ताट घरात गेले. डॉक्टरांनी सांगितलेले सगळे झाले, पण उलट्या क्रमाने झाले.

पिल्लू सहाव्या दिवशी घरी आली. ती जगली, मित्रांनो. उजवा पाय उचलून चालते, तो आता तसाच राहणार आहे. खाते पिते, नातीच्या मागे घरभर फिरते. मात्र व्हरांड्याच्या पायरीखाली ती उतरत नाही, आणि परसाकडे पाहून ती आता भुंकतही नाही. मांजर भिंतीवर चढले तरी नाही.

मी अजून फाटकालाच आहे. मला काढा असे सून म्हणाली नाही आणि मिस्त्रीही म्हणाले नाहीत, कारण माझा उपयोग आहेच. तुमच्या घरी कुत्रा असेल तर माझ्यासारखी एखादी जाळी जरूर बसवा. फक्त बसवण्याआधी मागे वळून आपल्याच आवारात पाहा. अडगळ हलवा, मग खिळा ठोका. आणि तुमचा कुत्रा एकाच जागेकडे पाहून भुंकू लागला, तर बसल्या जागेवरून त्याला दटावू नका. उठा आणि ती जागा बघून या.

मिस्त्री आता रोज दिवेलागणीआधी काठी घेऊन परसाचा कोपरा न् कोपरा बघतात. माझ्यापाशी येऊन वाकतात, आतून बघतात, बाहेरून बघतात. मग पायरीवर पिल्लूशेजारी जाऊन बसतात. ती मोकळ्या भिंतीकडे बघत असते, कान टवकारलेले, तोंड मिटलेले. ते तिच्या पाठीवर हात ठेवतात आणि हळूच म्हणतात, "भुंक ना गं. मी ऐकतोय."