डाव्या हातातलं पाणी

घानातल्या आमच्या मामपाँग गावात पाहुण्याला आधी पाणी देतात, मगच विचारतात, "काय काम काढलंत?" म्हणून घरी एक परदेशी बाई आली तेव्हा माझे वडील स्वतः पेला घेऊन उठले. गेल्या वर्षी अर्धांगवायूने त्यांचा उजवा हात लुळा पडलाय. डाव्या हाताने पेला पुढे करत ते म्हणाले, "माफ करा हं, बाई, डावा हात आहे."

जर्मनीहून आलेल्या त्या बाईने पेला घेतलाच नाही. मांडीवरच्या प्रवासाच्या पुस्तकावर बोट ठेवून ती मला म्हणाली, "डाव्या हाताने देणं म्हणजे तुमच्यात अपमान ना? मी वाचलंय."

माझं डोकंच सणकलं. "वाचलंय? मग दिलेलं पाणी नाकारू नये, हे नाही लिहिलं त्यात? समोरच्या माणसाकडे जरा बघावं, हे नाही लिहिलं?"

"सेरवा, गप्प बस!" वडील माझ्यावरच खेकसले. "दारी आलेल्या माणसावर ओरडतात का?"

मग त्यांनी पेला टेबलावर ठेवला. लुळ्या हाताची बोटं एकेक करून त्याभोवती गुंडाळली, खालून डाव्या हाताचा आधार दिला आणि पेला पुन्हा पुढे केला. अर्धं पाणी त्यांच्याच अंगावर सांडलं.

"आता चालेल ना, बाई?"