सकाळच्या खाण्याबरोबर एक गोळी

शनिवारी सकाळी अकरा वाजून आठ मिनिटांनी, दहा हजार मीटरच्या राष्ट्रीय निवड शर्यतीच्या पाच फेऱ्या उरल्या असताना, लिनेट जेमेली ट्रॅक सोडून आतल्या गवतावर गेली आणि बसली. ती पडली नाही, लंगडली नाही. त्या वेळी ती चौथी होती. नैरोबीच्या त्या स्टेडियममध्ये तिच्यापर्यंत सर्वांत आधी पोचले ते तिचे कोच कोसगेई.

"काय दुखतंय?"

"काही नाही. पाय ऐकत नाहीयेत."

"ऐकत नाहीत म्हणजे काय? ऊठ. पाचच फेऱ्या राहिल्यात."

"मग तुम्ही पळा, कोच. मी इथून टाळ्या वाजवते."

लिनेट एकतीस वर्षांची आहे. जागतिक स्पर्धेला तिघी जाणार होत्या. पहिल्या दोघी शर्यतीतून ठरल्या, तिसरी निवड समिती ठरवणार होती. हरण्यामागे वैद्यकीय कारण असेल तर समिती ते विचारात घेते, पण कागद सोमवारी संध्याकाळी पाचच्या आत पोचावा लागतो. पुढची स्पर्धा दोन वर्षांनी. तेव्हा आपण या अंतराला पुरे पडणार नाही, हे लिनेटने कोचना आधीच सांगून ठेवलं होतं.

दुपारी दोन वाजता तिचं रक्त घेतलं ते प्रिस्का तुवेईने. प्रिस्का कापसाबेतच्या एका प्रशिक्षण केंद्रात क्रीडाशास्त्रज्ञ आहे. केंद्रातल्या एकोणीस धावपटू मुलींचं रक्त, झोप, पाळी, वजन यांच्या नोंदी तीच ठेवते. मुली तिला डॉक्टर म्हणतात. आपण डॉक्टर नाही, हे सांगत बसणं तिने दुसऱ्या वर्षी सोडून दिलं.

रविवारी सकाळी अहवाल आला. लिनेटच्या शरीरातला लोहाचा साठा अकरावर होता. फेब्रुवारीत तो चौदा होता. तो निदान पस्तीसच्या वर न्यावा, म्हणून तर गोळ्या सुरू केल्या होत्या. चार महिने, रोज एक. लिनेटच्या तक्त्यात एकही खाडा नव्हता.

प्रिस्काने फेब्रुवारीत स्वतः लिहिलेला कागद काढला. 'रोज एक गोळी, सकाळच्या खाण्याबरोबर.' उपाशीपोटी गोळीने मळमळतं, म्हणून तसं लिहिलं होतं. पण लिनेटच्या घराकडे, केनियातल्या नंदी हिल्समध्ये, सकाळचं खाणं म्हणजे अर्धं दूध घालून उकळलेला चहा आणि सोबत पाव किंवा उकडलेलं रताळं. चहा लोह शरीरात शिरू देत नाही, दूधही अडवतं. गोळी आणि चहा यांच्यात तास-दोन तासांचं अंतर हवं. विद्यापीठाच्या परीक्षेत प्रिस्काला याच प्रश्नाला पैकीच्या पैकी गुण होते.

मार्चमध्ये ती लिनेटच्या घरी गेली होती. लिनेटची आई एस्तेर सव्वीस वर्षं मळ्यात चहाची पानं खुडते.

"तुमच्या कापसाबेतचा चहा म्हणजे भांडं विसळलेलं पाणी," एस्तेर म्हणाली होती. "हा घे, पोरी. फुंकून पी, तोंड भाजेल."

लिनेटने गोळी जिभेवर ठेवली आणि चहाच्या घोटाबरोबर गिळली. "बघा डॉक्टर, एक दिवस चुकवत नाही."

"शाबास," प्रिस्का म्हणाली, आणि आणखी चहासाठी तिने कप पुढे केला.

एप्रिलमध्ये रक्त पुन्हा तपासायचं होतं. कोसगेई म्हणाले, "मुलगी वाऱ्यासारखी पळतेय आणि तुम्हाला सुया टोचायचं सुचतंय." लिनेटच्या वेळा खरोखरच चांगल्या होत्या. प्रिस्काने तपासणी पुढे ढकलली, आणि ती राहूनच गेली.

रविवारी दुपारी तिने लिनेटला खोलीत गाठून सगळं सांगितलं. लिनेट बुटांच्या नाड्या सोडवत होती.

"तुमच्यासमोरच घेतली होती ना मी गोळी?"

"हो."

"मग तेव्हा का नाही बोललात?"

"माझ्याही हातात चहाच होता. सुचलंच नाही."

लिनेटने दुसरा बूट काढला. "शिकून एवढ्या मोठ्या झालात, डॉक्टर, त्यापेक्षा तुम्ही बकऱ्या राखल्या असत्यात तर बरं झालं असतं."

"मी समितीला लिहिते. चूक माझी होती म्हणून."

"लिहा ना. पण चहाचं नाव नको. ते कागद पत्रकारांना मिळतात. आईचा रेडिओ दिवसभर चालू असतो. आपल्या हातच्या चहाने पोरगी हरली, हे तिने रेडिओवर ऐकायचं?"

"कारण नीट लिहिलं नाही तर ते मानणार नाहीत, लिनेट."

"मग मी घरी बसेन. पण तिला कळता कामा नये."

पत्र सोमवारी चार वाजून वीस मिनिटांनी गेलं. त्यात अकरा आणि चौदा हे आकडे होते, आणि दोन वाक्यं: 'गोळी घेण्याची सूचना मी चुकीची लिहिली. खेळाडूने ती तंतोतंत पाळली.' लिनेट बसली ती केवळ लोहामुळेच, असं प्रिस्काने लिहिलं नाही. ते तिला सिद्ध करता आलं नसतं.

मंगळवारी समितीचं उत्तर आलं. सूचना नेमकी कोणत्या बाबतीत चुकीची होती आणि गोळी का लागू पडली नाही, याचा तपशील शुक्रवारी दुपारी बारापर्यंत द्यावा. न मिळाल्यास अर्ज निकाली काढला जाईल.

बुधवारी प्रिस्काने लिनेटला तीनदा फोन केला. तिसऱ्यांदा तो एस्तेरने उचलला.

"ती पळायला गेलीय. घरी आल्यापासून धड बोलत नाही. तुला तरी माहीत असेल ना, पोरी, तिला काय झालं ते?"

"मी उद्या फोन करते," प्रिस्का म्हणाली.

गुरुवारी तिने फोन केला नाही. तपशिलाचं पत्र दोन प्रकारे लिहून झालं आहे. एकात चहा आहे, एकात नाही. संध्याकाळी साडेसहापर्यंत यांपैकी एकही समितीकडे गेलेलं नव्हतं.