सूपबद्दल आणखी काही

तिचं काम लोकांची उत्तरं वाचण्याचं. बाजारात काही नवं आणायच्या आधी कंपन्या ऑनलाइन प्रश्नावली पाठवतात. तिच्या शेवटी एक रिकामी चौकट असते, ‘आणखी काही सांगायचं आहे का?’ बहुतेक जण तिथे ‘नाही’ लिहितात, कुणी नुसताच ठिपका देतो, कुणी सूनबाईंचं गाऱ्हाणं मांडून मोकळा होतो. ती उत्तरं चव, किंमत, पाकीट अशा खणांत टाकली की तिचं काम झालं.

पाकिटातल्या सूपच्या वेळी एकाने लिहिलं होतं, ‘सूप चांगलं आहे. मी हिला चमच्याने भरवतो. हल्ली घोट उतरत नाही, ठसका लागतो, मग ती तोंडच मिटून घेते. पातळ करू की दाट? कुणाला विचारावं कळत नाही. तुम्ही सांगाल का?’

वय सत्तरीच्या पुढचं. नाव नाही, पत्ता नाही, फक्त एक क्रमांक.

हे उत्तर खरं तर ‘दाटपणा’च्या खणात जायचं. तिच्याने ते टाकवेना. तिची थोरली जाऊ नर्स होती, तिला फोन केला. ऐकता ऐकता जाऊबाईंचा आवाजच बदलला. पातळ मुळीच देऊ नका, ते श्वासनलिकेत उतरतं. आडवं ठेवून भरवू नका. आणि आधी डॉक्टरांना दाखवा, असं त्यांनी पुन्हा पुन्हा बजावलं.

पण निरोप पोचवायचा कसा? तिचे साहेब मनाने वाईट नव्हते. उत्तरं देणाऱ्यांची माहिती ज्या कंपनीकडे असते, तिथे त्यांनी स्वतः फोन लावून दिला. तिथला माणूस अगदी नम्रपणे नाही म्हणाला. कुणाचीही ओळख उघड करायची नाही असा करार होता, आणि प्रश्नावलीच्या आमंत्रणाशिवाय दुसरं काही पाठवायची सोय नव्हती.

थोड्याच दिवसांत पाकिटाच्या रंगाबद्दल दुसरी फेरी निघाली. आमंत्रण त्याच लोकांना जाणार होतं. तिने शेवटच्या, आभाराच्या पानावर जाऊबाईंचं सांगणं दोन ओळींत घातलं, आणि साहेबांनी सूपवाल्यांना कसंबसं पटवलं. पण या वेळी त्यांना फक्त चाळिशीच्या आतली माणसं हवी होती. त्यावर मात्र ते हटेनात.

प्रश्नावली सुरू झाल्यापासून ती पडद्यासमोरून हलली नाही. त्याचा क्रमांक आला, त्याने खरं वय भरलं आणि यंत्राने त्याला पहिल्याच प्रश्नावरून परत पाठवलं. तिने कपाळाला हात लावला.

दुपारी तोच क्रमांक पुन्हा दिसला. वय, पस्तीस. ती खुर्चीत ताठ बसली. लाल बरा की हिरवा, अक्षरं मोठी हवीत की लहान, त्याने एकही प्रश्न सोडला नाही. शेवटच्या चौकटीत लिहिलं, ‘मागे विचारलं होतं. आता ती पाणीही घेत नाही. वय खोटं सांगितलं, माफ करा.’

आता फक्त आभाराचं पान उघडायचं राहिलं होतं. त्याआधी यंत्र वय जुन्या माहितीशी ताडून पाहतं. ते जुळलं नाही. यंत्राने त्याला बाहेर काढलं.

तिने त्या कंपनीला फोन केला.

“खोटी माहिती दिली की नाव आपोआप निघतं, मॅडम,” तो माणूस म्हणाला. “सगळंच पुसलं जातं. आता तो आमच्याकडेही नाही.”

“मग कुणाकडे आहे?”

त्याने दिलगिरी व्यक्त केली. ती खरीच असावी.

संध्याकाळी जाऊबाईंचा फोन आला. निरोप पोचला का, त्या विचारत होत्या.

“नाही, ताई. तो कुठे राहतो हेच कुणाला माहीत नाही.”

जाऊबाई हळूच म्हणाल्या, “तू जेवून घे.”