थडग्यातली पट्टी

लॉकडाऊनमुळे करुणा इजिप्तमधलं उत्खनन गिरावीन या आपल्या गावच्या घरातून, लॅपटॉपवर सांभाळत होती. तिकडे मुकादम हसन मोबाईल धरून थडग्यात उतरला होता. छताच्या भेगेवर त्यांनी प्लास्टरची पट्टी लावून ठेवली होती. पट्टी तुटली, तर छत सरकतंय असं समजायचं. पठ्ठ्या सरळ शवपेटीकडे निघाला आणि करुणाला कॅमेऱ्यात ती पट्टी दिसली. मधोमध तुटलेली.

तिला ना इंग्रजी आठवलं, ना अरबी.

"अरे मेल्या, बाहेर नीघ आधी!" ती किंचाळली.

स्क्रीन काळी पडली.

बऱ्याच वेळाने धुळीने माखलेला हसन दिसला. त्याच्यामागे थडग्याचं तोंड बुजलं होतं.

"माझं मराठी कळलं तुला?" तिने इंग्रजीत विचारलं.

"एक शब्दही नाही. पण आई अशी ओरडली, की आम्ही आधी पळतो."