भोजराजचा डोंगा

जवाहरनगरच्या कारखाना-वसाहतीत क्वार्टरात राहणाऱ्या ललिताबाई आठ वर्षं कुंताबाई ढिवरणीकडूनच मासोळी घेत. पण १९८२च्या उन्हाळ्यात वसाहतीच्या गेटापाशी बाहेरगावची बर्फातली मासोळी स्वस्तात मिळू लागली आणि साऱ्या बायका तिकडे वळल्या. ललिताबाईही वळल्या. मग कुंताबाईनं येणंच सोडलं.

ते मनाला लागून राहिलं. एका रविवारी सकाळी ललिताबाई वैनगंगेच्या काठी तिच्या घरी गेल्या. कुंताबाईचा नवरा भोजराज तेव्हाच डोंगा काठाला लावत होता. जाळ्यात एक मोठी मरळ होती. त्यानं तिचं पोट चाचपलं आणि तिला अलगद पाण्यात सोडलं.

"एवढी मोठी, काहून सोडली भाऊ?"

"पोटात अंडे आहेत तिच्या, बाई. आज खाल्ली तं पुढच्या साली नदीत काय राहीन?"

"पुढच्या साली आपण कुठं राहू?" कुंताबाई म्हणाली. "डोंगा विकाले काढला, बाई. नागपूरले मजुरीले जाऊन राहिलो आमी."

ललिताबाईंची मान खाली गेली. "आठ दिवस थांबा," त्या एवढंच बोलल्या.

परतल्यावर त्या दारोदार फिरल्या आणि काठावर पाहिलेलं सांगत सुटल्या. काहीजणी हसल्या, पण सहा घरांनी पुन्हा कुंताबाईकडूनच मासोळी घ्यायला होकार दिला. निरोप मिळून बुधवारी कुंताबाई आली तेव्हा टोपलीतल्या मासोळ्यांचे कल्ले अजून हलत होते. ते पाहून शेजारच्या लाइनीतल्या बायकाही जमल्या.

भोजराजनं डोंगा विकला नाही. पावसाळ्याआधी त्यानं त्याला डांबर लावून घेतलं.